‘ई जे के बी एच’ म्हणजे मराठी! स्क्रीन रीडरच्या सेटिंगचा इतिहास

आजच्या भागात एका आवाजाचा इतिहास ऐकूया. अंध माणूस संगणकावर काम करतो तेव्हा पडद्यावरचा मजकूर त्याला बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. त्याचा वेग किती, विरामचिन्हं वाचायची की नाही, आवाज कोणत्या भाषेचा, हे सगळं सेटिंगमध्ये ठरतं. डोळस माणसाला वाटतं, चष्म्याचा नंबर लावण्याइतकं सोपं काम. पण नागपुरात बसून हे सेटिंग करायला घेतलं की भाषेचा सगळा इतिहास मध्ये येतो. कसा, ते बघू.

सुरुवात ब्रेलपासून करू. भारतात आधी ब्रेलच्या एकापेक्षा जास्त पद्धती चालत होत्या. १९५१ साली ‘भारती ब्रेल’ ठरली आणि सगळ्या भारतीय भाषांना एक पद्धत मिळाली. ‘क’ मराठीतला असो, हिंदीतला असो की तमिळमधला, टिंबं तीच. आता त्या काळचं नागपूर आठवा. ही तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी, आणि कारभारात हिंदी आणि मराठी दोन्ही. १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात आलं, १९६० ला महाराष्ट्रात, पण शहराच्या तोंडातली हिंदी काही गेली नाही. आजही सीताबर्डीवर एकाच दुकानात अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं हिंदीत होतं. दक्षिण अंबाझरी मार्गावर ब्लाइंड रिलीफ असोसिएशनची अंध विद्यालयाची संस्था आहे. अशा शहरातल्या ब्रेल वाचणाऱ्याला भाषेची अडचण नव्हती. बोटाखाली अक्षर आलं की उच्चार तो स्वतः करायचा. ‘चंद्र’ मधला च वेगळा आणि ‘चांगला’ मधला च वेगळा, हे त्याच्या जिभेला माहीत होतं.

मग बोलणारा संगणक आला, आणि उच्चार करायचं काम वाचणाऱ्याच्या हातून यंत्राकडे गेलं.

१९८०च्या दशकात आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी डॉससाठी स्क्रीन रीडर तयार केला. अमेरिकेतच टेड हेंटर हे मोटरसायकल शर्यतीत भाग घेणारे गृहस्थ होते. अपघातात त्यांची दृष्टी गेली, मग ते प्रोग्रामिंगकडे वळले. त्यांच्या कंपनीनं १९८९ ला डॉससाठी ‘जॉज’ आणला आणि १९९५ ला विंडोजसाठी. भारतातल्या अंध विद्यार्थ्यांनी आणि बँकेतल्या कर्मचाऱ्यांनी संगणक शिकला तो बहुतेक करून जॉजवरच. पण त्याची किंमत मोठी होती, आणि त्याचा नेहमीचा आवाज होता ‘एलोक्वेन्स’, ज्याला देवनागरी येतच नव्हती.

बरं, आवाजाला मराठी आली असती तरी वाचायला मराठी होती कुठे? इथे गोष्ट खरी अडते. त्या काळी सरकारी कचेऱ्या, छापखाने आणि डीटीपीची दुकानं कृतिदेव, श्रीलिपी असे फॉन्ट वापरायची. या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं असतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहा, आत साठवलं जातं ‘ई जे के बी एच’. ‘नागपूर’ लिहा, आत असतं ‘यू के एक्स आय डब्ल्यू जे’. डोळस माणसाला नागपूर दिसतं, स्क्रीन रीडर मात्र आतलंच वाचणार! नोकरीची जाहिरात असो, परीक्षेचं वेळापत्रक असो, कानावर पडतो तो हाच पाढा. यावर कुठलंही सेटिंग चालत नाही हो. वेग कमी करा, आवाज बदला, काही उपयोग नाही.

याला उत्तर होतं युनिकोड. त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय संगणकातच येऊ लागली. तरी जुन्या फॉन्टची सवय सुटायला वर्षं गेली, आणि काही टेबलांवर ती अजून सुटलेली नाही.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी एनव्हीडीए लिहायला घेतला, आणि जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही स्वतः अंध. त्यांनी हा स्क्रीन रीडर फुकट ठेवला. त्याच्यासोबत येतो ‘ईस्पीक’ आवाज, मूळ जोनाथन डडिंग्टन यांचा. हा आवाज यंत्रासारखा, कोरडा. पण त्यात मराठी आहे! शिवाय तो खूप वेगात नेला तरी स्पष्ट राहतो. त्याचा मूळ वेग मिनिटाला १७५ शब्दांचा, आणि तो ४५० पर्यंत नेता येतो. सराव झालेली माणसं इतक्या वेगात ऐकतात की शेजारी बसलेल्याला नुसती गुणगुण ऐकू येते.

आता नागपूरकराचं सेटिंग बघू. देवनागरी लिपी एक, भाषा दोन. समोरचा मजकूर हिंदी की मराठी, हे नुसत्या लिपीवरून कसं कळणार? हिंदी आवाज लावला आणि मराठी पत्र उघडलं की ‘२५’ चं ‘पच्चीस’ होतं, ‘चांगला’ मधला च ‘चंद्र’ मधल्यासारखा होतो. मराठी आवाज लावला की हिंदी बातमीतला आकडा ‘पंचवीस’ ऐकू येतो. एनव्हीडीएमध्ये भाषा आपोआप बदलण्याची सोय आहे. पण वेबपानाची भाषा कोणती हे बनवणाऱ्यानं लिहून ठेवलेलं असेल, तरच ती नीट चालते. मराठी पानावर ‘इंग्रजी’ अशी खूण राहिली की सगळा घोळ!

म्हणून माणसं स्वतःची व्यवस्था लावतात. एनव्हीडीएची कळ, म्हणजे बहुधा इन्सर्ट, आणि सोबत कंट्रोल धरून डाव्या-उजव्या बाणानं आवाज, वेग, पट्टी यातलं हवं ते निवडायचं आणि वर-खाली बाणानं बदलायचं. एनव्हीडीएची कळ आणि पी दाबलं की विरामचिन्हं किती वाचायची ते ठरतं. हिशेब तपासताना सगळी, कादंबरी ऐकताना थोडीच. २०१३ पासून प्रत्येक कामाची वेगळी प्रोफाइल ठेवता येते. वर्डसाठी मराठी आवाज आणि संथ वेग, ब्राउझरसाठी दुसरा आवाज आणि भरभर वेग. ब्रेलवर उच्चार वाचणाऱ्याच्या ताब्यात होता, तो या सेटिंगमधून त्याच्याकडे थोडा थोडा परत येतोय.

पण त्याच्या हातात अर्धंच काम आहे, मंडळी. उरलेलं अर्धं लिहिणाऱ्याकडे. तुम्ही कचेरीत पत्र टाइप करत असाल, शाळेची सूचना काढत असाल, तर युनिकोडमध्ये लिहा. कागदाचा फोटो पाठवत असाल, तर सोबत मजकूरही पाठवा. वेबसाइट बनवत असाल, तर पानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवा. नाहीतर तुम्ही लिहाल ‘मराठी’, आणि नागपुरात कुणीतरी ऐकत बसेल, ‘ई जे के बी एच’.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटूच. ऐकत राहा!