रोटरी टूल वापरताना कोणती काळजी घ्यावी?

लाकूड कोरणे, गंज काढणे, पातळ पत्रा किंवा छोटा बोल्ट कापणे अशा कामांसाठी हातात मावणारे रोटरी टूल वापरतात. आकार लहान असला तरी अनेक मॉडेल्स मिनिटाला ३०,००० किंवा त्याहून जास्त फेरे घेतात. त्यामुळे बिट विकत घेताना त्यावर लिहिलेला कमाल वेग (आरपीएम) आधी पाहा. उदाहरणार्थ, तारेचे ब्रश साधारण १५,००० आरपीएमपर्यंतच चालवायचे असतात. त्यापुढे तारा सुटून सुईसारख्या उडतात.

वापरताना:
• सेफ्टी गॉगल आणि मास्क लावा. नंबरचा चष्मा पुरेसा नाही.
• ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस आवरा.
• वस्तू हातात न धरता व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पने घट्ट पकडा.
• कटिंग डिस्कच्या कडेनेच कापा, सपाट बाजूने घासू नका. तडा गेलेली डिस्क फेकून द्या.
• नवीन डिस्क लावल्यावर टूल तोंडापासून दूर धरून मिनिटभर रिकामे फिरवा.
• जोर लावू नका. मोटरचा आवाज दबला, तर दाब कमी करा.

बिट बदलताना प्लग काढा. दांड्याच्या जाडीचाच कोलेट वापरा. टूल फिरत असताना शाफ्ट लॉकचे बटण कधीही दाबू नका.

देखभाल:
हवेच्या फटींतील धूळ नियमित काढा. टूल मध्येच बंद पडत असेल किंवा आत जास्त ठिणग्या दिसत असतील, तर कार्बन ब्रश तपासा. झिजले असल्यास दोन्ही एकदम बदला.