शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आरोग्यव्यवहार आणि मळमळ-मंदपचनावरील औषधाचा सुरक्षित वापर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

औषधाचा इतिहास हा केवळ प्रयोगशाळेचा इतिहास नसतो. औषध कोणत्या समाजात, कोणाच्या हातून आणि कोणत्या परिस्थितीत रुग्णापर्यंत पोहोचते, हाही त्या इतिहासाचाच भाग होय. मळमळ, उलटी व मंदावलेले पचन यांवर दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड हे औषध या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. ते जगभर वापरले जाते, स्वस्त आहे आणि त्याचे धोके उशिरा ओळखले गेले. प्रस्तुत लेखात या औषधाच्या इतिहासाचा विचार ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात केला आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी :

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या दोन्ही तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या आदिवासी जमातींची वस्ती लक्षणीय आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतरही हे तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. तानसा व भातसा या जलाशयांमुळे शहापूर मुंबईची तहान भागविते. परंतु त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाण्याच्या या विषमतेचा जुलाब, उलटी व पोटाच्या विकारांशी निकटचा संबंध आहे. शहापूरला कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाचा लाभ मिळाला, तर मुरबाडचे दळणवळण प्रामुख्याने कल्याण ते माळशेज घाट या रस्त्यावर अवलंबून राहिले. मुख्य रस्त्यापासून दूर असलेल्या पाड्यांना दोन्हीकडे अंतराचीच अडचण आहे.

1946 च्या भोर समितीच्या अहवालाने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढे डोंगराळ व आदिवासी भागांसाठी 20,000 लोकसंख्येमागे एक केंद्र व 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष ठरला. निकष लोकसंख्येचा होता, अंतराचा नव्हता. त्यामुळे सुंठ, ओवा, लिंबू हे घरगुती उपाय, गावातील भगत, बाजारपेठेतील खासगी दवाखाना आणि सरकारी केंद्र असे उपचाराचे अनेक मार्ग एकाच वेळी चालू राहिले. गोळीपेक्षा सुई व सलाईन अधिक गुणकारी, ही समजूतही याच काळात ग्रामीण भागात दृढ झाली.

औषधाचा इतिहास :

मेटोक्लोप्रमाइड हे हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील प्रोकेनामाइड या औषधाशी रचनेने संबंधित आहे. फ्रान्समधील जस्टिन-बेझाँसाँ व लाविल यांनी 1964 साली त्याचे गुणधर्म प्रसिद्ध केले. ते मेंदूतील डोपामिनचे कार्य रोखून उलटीची संवेदना कमी करते आणि जठराची हालचाल वाढवून अन्न पुढे सरकविते. दीर्घकालीन मधुमेहात जठर मंदावते, तेव्हाही त्याचा उपयोग होतो.

परंतु मेंदूवरील हीच क्रिया धोक्याचे कारण ठरते. काही रुग्णांत, विशेषतः मुले व तरुणांत, मान वाकडी होणे, जबडा आवळणे, डोळे वर फिरणे अशी लक्षणे सुरुवातीच्या एक-दोन दिवसांतच दिसतात. दीर्घकाळ घेतल्यास ओठ, जीभ व चेहऱ्याच्या अनैच्छिक हालचाली जडू शकतात आणि औषध थांबविल्यावरही त्या कायम राहू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 साली याविषयी सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापणे बंधनकारक केले व 12 आठवड्यांहून अधिक वापर टाळण्यास सांगितले. युरोपीय यंत्रणेने 2013 साली कमाल 5 दिवस व प्रौढांसाठी दिवसाला 30 मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली आणि 1 वर्षाखालील बालकांना ते देऊ नये असे ठरविले. औषधाची ओळख आणि हे कडक निर्बंध यांत सुमारे 45 वर्षांचे अंतर पडले.

त्याच्या पर्यायांचा इतिहासही निर्धोक नाही. 1974 साली बेल्जियममध्ये तयार झालेले डोम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही. मात्र त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून 2014 साली युरोपात त्याच्या वापरावरही मर्यादा आल्या. सिसाप्राइड हे तिसरे औषध हृदयविषयक धोक्यामुळे अमेरिकेत 2000 साली बाजारातून गेले. भारतात त्यावर बंदी आली ती 2011 साली.

स्थानिक संदर्भात सुरक्षिततेचा प्रश्न :

भारतात मेटोक्लोप्रमाइड डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावयाचे औषध आहे. तथापि चिठ्ठीचा नियम तपासणी, मुदत व पुनर्भेट या तीन गोष्टी गृहीत धरतो. वीटभट्टीच्या कामासाठी अर्धे वर्ष स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबाची पुनर्भेट होणे अवघड असते. अशा वेळी जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी पुन्हा घेणे सोपे वाटते आणि पाच दिवसांची मुदत नकळत महिन्यांची होऊ शकते.

दुसरा प्रश्न ओळखीचा आहे. मान व जबडा आवळलेल्या मुलाला पाहून धनुर्वात, आकडी किंवा बाहेरची बाधा असा समज होऊ शकतो. कोणते औषध दिले होते हे नातेवाइकांना सांगता आले, तर योग्य इंजेक्शनने ही लक्षणे बहुधा अल्पावधीत ओसरतात. सांगता आले नाही, तर मौल्यवान वेळ जातो. म्हणूनच गोळीचे वेष्टन व चिठ्ठी जपून ठेवणे ही साधी गोष्ट येथे महत्त्वाची ठरते.

तिसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. उलटी हा रोग नसून लक्षण आहे. जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीला रात्री मण्यार चावल्यास दंशाची खूण अनेकदा दिसत नाही. पहाटे पोटदुखी व उलटी होते आणि नंतर पापण्या जड होऊ लागतात. कोकणातीलच महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1982 साली विंचूदंशाच्या अभ्यासात उलटी व घाम ही हृदयावरील पुढील संकटाची पूर्वसूचना असल्याचे दाखवून दिले होते. आतड्यांतील अडथळ्यातही उलटी होते आणि तेथे मेटोक्लोप्रमाइड वर्ज्य आहे. कारण न शोधता उलटी थांबविणे म्हणजे धोक्याची घंटा बंद करणे होय.

बालकांच्या जुलाब-उलटीत जीव जातो तो प्रामुख्याने शरीरातील पाणी व क्षार घटल्यामुळे. 1971 साली बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी जलसंजीवनीचे सामर्थ्य सिद्ध केले. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्याने थोडी थोडी जलसंजीवनी देणे, हा उपाय आशा कार्यकर्तीलाही करता येतो.

नियमन व लोकशिक्षण :

1975 च्या हाथी समितीने 117 अत्यावश्यक औषधांची यादी सुचविली. महाराष्ट्रात डॉ. अनंत फडके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी औषधांच्या विवेकी वापराचा प्रश्न सातत्याने मांडला. 2004 च्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमात मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय विभागीय केंद्र होते. 2010 पासून हा कार्यक्रम नव्या स्वरूपात सुरू झाला. रुग्णालाही दुष्परिणामाची नोंद 1800-180-3024 या क्रमांकावर करता येते. शहरातील रुग्णालयात होणारी नोंद पाड्यापर्यंत पोहोचली, तरच या व्यवस्थेला पूर्णता येईल.

निष्कर्ष :

मेटोक्लोप्रमाइडचा इतिहास पाहता औषध वाईट नसून त्याचा अमर्याद व अनभिज्ञ वापर घातक ठरतो, असे दिसते. अल्प मात्रा, अल्प मुदत, कारणाचा शोध आणि विपरीत लक्षण दिसताच औषध थांबवून डॉक्टरांकडे जाणे, ही सुरक्षिततेची चार सूत्रे होत. ती शहापूर-मुरबाडच्या दुर्गम पाड्यांत रुजवावयाची, तर चिठ्ठीसोबत औषधाचे नाव, मुदत व धोक्याची लक्षणे रुग्णाला मराठीत व त्याच्या बोलीत समजावून सांगणे अपरिहार्य आहे. औषध पाड्यापर्यंत पोहोचले. त्याविषयीचे ज्ञानही तेथे पोहोचणे ही आजची ऐतिहासिक गरज आहे.