आश्रय मिळाला, हक्क मिळाला का? जुन्या भंडारा जिल्ह्यातील निर्वासितांचा इतिहास

हिवाळा आला की भंडारा, गोंदिया, नागपूरच्या रस्त्यांवर तिबेटी स्वेटरची दुकाने लागतात. आपण भाव पाडून स्वेटर घेतो आणि घरी येतो. ही माणसे इथे कोणत्या कागदावर राहतात, हे मात्र विचारत नाही. आंबेडकरी तरुणांनी तरी ते विचारले पाहिजे, कारण याचे उत्तर आपल्या घराजवळच आहे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड-गोठणगाव परिसरात, इटियाडोह धरणाच्या भागात, नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. ती १९७२ साली वसली. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हा सारा भाग भंडारा जिल्ह्यातच होता, म्हणून तिबेटी लोक आजही तिला ‘भंडारा’ वसाहत म्हणतात. १९७२ हेच दलित पँथरचेही वर्ष. मुंबईत आपले तरुण अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याकडून नाव घेत होते, आणि त्याच वर्षी पूर्व विदर्भाच्या जंगलात बर्फाच्या देशातून परागंदा झालेले बौद्ध शेती शिकत होते.

याच तालुक्यात अरुणनगरसारख्या बंगाली वसाहतीही आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेले हे निर्वासित बहुसंख्येने नमःशूद्र. त्यांचे आपल्यावर ऋण आहे. १९४६ साली बाबासाहेबांना संविधान सभेत जायचे होते. मुंबई प्रांतातून वाट बंद होती. तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना बंगालमधून निवडून दिले. फाळणीत ती जागा गेली आणि १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले. १९५० मध्ये राजीनामा देऊन त्यांनाही भारतातच आश्रय घ्यावा लागला.

त्यांच्या माणसांचे काय झाले? सरकारने त्यांना दंडकारण्यात, चंद्रपूर-गडचिरोलीत, आपल्या तालुक्यात पांगवले. १९७८ मध्ये दंडकारण्यातले हजारो लोक बंगालला परत निघाले आणि सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर वसले. १९७९ मध्ये डाव्या सरकारने नाकेबंदी केली, गोळीबार केला, बेट रिकामे केले. मृतांचा आकडा आजही वादात आहे. आणि आपल्याकडे? पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. अस्पृश्यता सीमा ओलांडून सोबत आली, सवलत मात्र सीमेवरच राहिली.

या दोन वसाहतींचा इतिहास एकच गोष्ट सांगतो. भारताने आश्रय दिला, पण हक्क म्हणून दिला नाही. जे मिळाले ते सरकारी आदेशाने मिळाले. आदेश म्हणजे मर्जी, आणि मर्जी उद्या फिरू शकते.

भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही. देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. कायद्याच्या डोळ्याने निर्वासित हा फक्त ‘परकीय’. आधी १९४६ चा इंग्रजी अमदानीतला कायदा होता, २०२५ पासून नवा कायदा आहे. ‘जीव वाचवायला आलेला’ असा वेगळा खाना त्यातही नाही. भारतात जन्मलेल्या तिबेटी माणसालाही नोंदणी प्रमाणपत्र मुदतीत नवे करून घेत राहावे लागते. १९८६ मध्ये इथेच जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीला पासपोर्टसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक आहे, हे न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. कायदा आधीपासून होता, तो लागू व्हायला खटला लागला.

मग काही जण म्हणतात, २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत बौद्धांचे नाव आहे की! आहे, पण फक्त पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या बौद्धांचे. तिबेट नाही, श्रीलंका नाही, म्यानमार नाही. म्हणजे नॉर्ग्येलिंगच्या बौद्धाला त्याचा काडीचा उपयोग नाही. धर्म पाहून दार उघडणारा कायदा आपल्या धर्माचे नाव घेतो म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या का?

आता आफ्रिकेतून आलेल्या माणसाचा विचार करा. सोमालिया, सुदान, काँगोमधून युद्धामुळे पळालेला माणूस भारतात आला तर तिबेटी माणसासारखी त्याची नोंद सरकार करत नाही. त्याला दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाकडे जावे लागते. तिथे नोंदणी, मग मुलाखत, मग निर्णय. नकार आला तर अपील. मान्यता मिळाली तर कार्ड, पण ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. गृह मंत्रालयाच्या २०११ च्या कार्यपद्धतीनुसार दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी परकीय नोंदणी कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांकडे असते. व्हिसा द्यायचा की नाही, ते सरकार ठरवते.

न्यायालयांत काय होते? १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे. हे चकमा बहुसंख्येने बौद्ध, त्यातले अनेक काप्ताई धरणात गाव बुडालेले. धरणात गाव जाणे काय असते, हे गोसीखुर्दच्या माणसाला सांगावे लागत नाही. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधून आलेल्यांना दिल्लीच्या त्या कार्यालयापर्यंत जाऊ दिले. पण त्याआधी महिनाभर सर्वोच्च न्यायालयाने रोहिंग्यांच्या प्रकरणात म्हटले होते की परत न पाठवले जाण्याचा हक्क नागरिकांपुरता आहे. निकाल असे दोन्हीकडे झुकतात, कारण मध्ये कायदाच नाही.

पाया मात्र बाबासाहेबांनी घालून ठेवला आहे. संविधान उघडून पाहा. भाषण स्वातंत्र्याचे कलम १९ नागरिकांसाठी आहे. समानतेचे कलम १४ आणि जीविताचे कलम २१ ‘व्यक्ती’साठी आहेत. हा शब्दांचा खेळ नाही. माणूस आधी, नागरिक नंतर, हा विचार त्यात आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागितली होती. काळ्या माणसाची लढाई त्यांना परकी वाटली नाही.

आपल्याला वाटते का? २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारहाण केली. तेव्हा आपल्यातले किती जण बोलले? आपल्याच वस्तीत काळ्या माणसाला ‘हबशी’ म्हणून हसणारे आहेत. भाड्याने खोली देताना जात विचारणाऱ्यांना आपण शिव्या देतो, मग रंग पाहून खोली नाकारणाऱ्यांना काय म्हणायचे?

म्हणून मागणी एकच ठेवू या : धर्म, देश, रंग न पाहता लागू होणारा निर्वासित कायदा. तोपर्यंत कुणी असा माणूस भेटला तर त्याला दलालाच्या हाती सोडू नका. दिल्लीच्या कार्यालयाचा मार्ग सांगा. त्याच्या सगळ्या कागदांच्या प्रती काढून ठेवायला सांगा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात सोबत जा. आणि अरुणनगरच्या नमःशूद्रांचा जातीच्या यादीचा प्रश्न आपल्या मोर्चाच्या निवेदनात घाला. ज्यांनी बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवले त्यांच्या नातवंडांसाठी निवेदनात एक ओळ तरी असू द्या.

जय भीम!