उकिरड्याचें दैव

ज्यांचें बालपण गांवोगांव वीज पोंचण्यापूर्वीं गेलें, त्यांस लग्नाच्या वरातींतील ग्यासबत्ती आठवत असेल. ती पेटविण्याचें काम घरांतील एखाद्या जाणत्या माणसाकडे असे, आणि पंप मारतां मारतां तो मुलांस बजावीत असे कीं, जाळीला हात लावूं नका. ती जाळी नवी असतांना सुताची असे. एकदां पेटली म्हणजे सूत जळून जाई आणि उरे ती केवळ राखेची पिशवी. बोट लागलें तरी ती ढासळे. परंतु तीच राख तापली म्हणजे सारा मांडव उजळून निघे. ही राख कसली आणि ती आली कोठून, हा प्रश्न त्या वेळीं आम्हांपैकीं कोणाच्या मनांत आला नाहीं. आज तो विचारण्याचें कारण असें कीं, ज्या वाळूंतून ती राख निघाली, त्याच वाळूंतील दुसऱ्या द्रव्यांवर आजचें जग चाललें आहे. आणि त्या राखेच्या इतिहासांत आजच्या एका मोठ्या संकटाची पूर्वसूचना स्पष्ट दिसते.

ती राख मुख्यतः थोरियम या धातूच्या भस्माची असे. शेंकडा ९९ भाग थोरियमचें भस्म व एक भाग सिरियमचें. हें प्रमाण बसविलें तें कार्ल आउएर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानें. १८८५ सालीं त्यानें जाळीची पहिली कल्पना पुढें मांडली व १८९१ पर्यंत ती व्यवहारांत आणली. त्याच १८८५ सालीं त्यानें आणखी एक काम केलें. 'डिडिमियम' म्हणून जें एकच मूलद्रव्य समजलें जात होतें, तें वस्तुतः दोन मूलद्रव्यांचें मिश्रण आहे, हें त्यानें दाखविलें. त्यांपैकीं एकास हिरवा जुळा म्हणजे प्रेझिओडिमियम, व दुसऱ्यास नवा जुळा म्हणजे निओडिमियम, अशीं नांवें त्यानें दिलीं. जाळीनें जग उजळलें. जुळ्यांचें मात्र काय करावें, हें त्या वेळीं कोणास ठाऊक नव्हतें.

हे जुळे ज्या कुळांतले, त्या कुळास 'दुर्मिळ मृदा' असें नांव आहे. १७८७ सालीं स्वीडनमध्यें स्टॉकहोमजवळच्या इटर्बी येथील खाणींत कार्ल अऱ्हेनियस या लष्करी अधिकाऱ्यास एक काळा, जड दगड सांपडला, आणि १७९४ सालीं योहान गाडोलिन यानें त्यांत एक नवी मृदा ओळखली. तेव्हांपासून चाललेल्या शोधानें या कुळांत सतरा मूलद्रव्यें जमा झालीं. नांव मात्र फसवें आहे. या कुळांतील सिरियम पृथ्वीच्या कवचांत साधारणपणें तांब्याइतका आहे. दुर्मिळ आहे तो त्यांचा एका जागीं असलेला भरपूर सांठा, आणि दुर्घट आहे तें त्यांस परस्परांपासून वेगळें काढणें.

निसर्गांत थोरियम व या मृदा पुष्कळदां एकत्र नांदतात. मोनाझाइट नांवाचे पिवळसर तांबूस कण कित्येक समुद्रकिनाऱ्यांच्या वाळूंत असतात. त्यांत निम्म्याहून अधिक भाग दुर्मिळ मृदांचा, आणि थोरियम बहुधा दहाव्या हिश्श्याहूनहि कमी. जाळीच्या कारखानदारांस हवा होता तो हा लहान हिस्सा. बाकीचा ढीग मागें राहिला. आउएरला त्या ढिगाची खंत असावी. १९०३ सालीं त्यानें त्यांतील सिरियमादि धातूंत लोखंड मिसळून ठिणग्या पाडणारी चकमक केली, आणि विडीकाडी पेटविण्याचें यंत्र घरोघर गेलें. परंतु चकमकीला असें कितीसें लागणार? उरलेला ढीग उकिरडाच राहिला. बारा वर्षांनीं उकिरड्याचीहि दैना फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. या उकिरड्यास बारा वर्षें पुरलीं नाहींत, इतकेंच.

हें मोनाझाइट प्रथम उत्तर अमेरिकेंतील कॅरोलिना प्रांतांतून व ब्राझीलच्या किनाऱ्यावरून येत असे. १९०९ सालीं शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञास तें त्रावणकोर संस्थानांत आढळलें. तेथून यूरोपांत जाणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या वाळूवरून त्यास हा माग लागला, असें सांगतात. लवकरच मणवाळकुरिची येथें, व पुढें चवरा येथें, वाळू वेंचण्याचे कारखाने निघाले. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि हा धंदा जर्मनांच्या हातून इंग्रजांच्या हातीं गेला. या किनाऱ्यावर मोनाझाइटाहून कितीतरी अधिक अशी काळी वाळू आहे. तिला इल्मेनाइट म्हणतात. मोनाझाइट वेंचून घेणाऱ्यांनीं आरंभीं तिची किंमत शून्य धरली होती. परंतु पांढऱ्या रंगासाठीं टिटॅनियम हवें झालें, तसें १९२२ पासून तीच वाळू जहाजें भरून जाऊं लागली. एकाच किनाऱ्यावर, एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत, कचऱ्याचा माल झाला.

आतां मालाचा कचरा कसा होतो तें पाहूं. शिकागोनजीक वेस्ट शिकागो म्हणून एक लहान गांव आहे. तेथें १९३२ सालापासून ग्यासबत्तीच्या जाळ्यांसाठीं थोरियम काढण्याचा कारखाना चालू होता, आणि त्यास लागणारें मोनाझाइट हिंदुस्थान व ब्राझील येथून येत असे. थोरियम काढून घेतल्यावर उरलेला गाळ वाळूसारखा मऊ दिसे. गांवकऱ्यांनीं तो निःशंकपणें नेला, अंगणांत पसरला, बागेंत भराव म्हणून घातला. कारखाना १९७३ सालीं बंद पडला. गाळांत किरणोत्सर्गी द्रव्यें राहिलीं आहेत, हें त्यानंतर उमजलें, आणि सहाशेंहून अधिक घरांच्या आवारांतली माती उकरून दूर न्यावी लागली. मांडवांतली बत्ती कधींच विझली होती. तिची राख मात्र अशी परक्या अंगणांत जागी होती.

विजेच्या दिव्यांनीं जाळीचा बाजार बसविला, तोंच अणुशक्तीच्या युगानें थोरियमला नवें महत्त्व दिलें. १९४६ सालीं मोनाझाइटाच्या निर्यातीवर बंदी आली. १९५० सालीं 'इंडियन रेअर अर्थ्स' ही संस्था स्थापन झाली, १९५२ सालीं केरळांत आलुवा येथें तिचा कारखाना सुरू झाला, आणि १९५५ सालीं मुंबईजवळ तुर्भे येथें थोरियमचा कारखाना उभा राहिला. पुढील अणुभट्ट्यांस थोरियम लागेल, ही होमी भाभा यांची दृष्टि असल्यामुळें आपल्याकडे तो फेंकला न जातां सांठविला गेला. इतर देशांत मात्र तो नकोसा पाहुणा ठरला.

कारण आतां उकिरड्याचें दैव उघडलें होतें. १९६० नंतरच्या दशकांत रंगीत दूरचित्रवाणीच्या तांबड्या रंगासाठीं युरोपियम हवें झालें. १९८३ सालीं जपान व अमेरिका येथील संशोधकांनीं निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांचें अति प्रबळ लोहचुंबक केल्याचें जाहीर केलें. शंभर वर्षांपूर्वीं ज्याचा कांहीं उपयोग नव्हता, तो नवा जुळा आज संगणकाच्या तबकडींत, कानांतल्या इयरफोनमध्यें, विजेच्या मोटारींत व पवनचक्कींत आहे. आतां मृदा काढून घ्यावयाच्या आणि थोरियम मागें टाकावयाचा, असा उलटा क्रम सुरू झाला.

मलेशियांत इपोहजवळ बुकित मेरा येथें कथिलाच्या खाणींतील टाकाऊ वाळूपासून या मृदा काढण्याचा, जपानी भागीदारीचा कारखाना १९८२ सालीं चालू झाला. थोरियमयुक्त गाळाच्या धास्तीनें रहिवासी १९८५ सालीं न्यायालयांत गेले. १९९२ सालीं निकाल त्यांच्या बाजूनें लागला, पुढच्याच वर्षीं वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला. तरी १९९४ सालीं कारखाना बंदच झाला, आणि ती जागा निर्धोक करण्याचें काम पुढें कित्येक वर्षें चालूं राहिलें. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांतील माउंटन पास ही खाण एके काळीं जगास पुरवठा करी. तेथील सांडपाण्याची नळी वारंवार फुटली, आणि २००२ सालीं ती खाण थांबली. मग हा उद्योग बव्हंशीं चीनमध्यें एकवटला. पाओतौ शहराबाहेर या उद्योगाचा थोरियममिश्रित गाळ एका अफाट तळ्यांत सांठला आहे, आणि पीत नदी तेथून फार दूर नाहीं. दक्षिणेकडील गांचौ भागांत चिकणमातीच्या टेंकड्यांत अमोनियम सल्फेटाचें पाणी सोडून मृदा धुवून काढल्या गेल्या. त्या एका भागाच्या शुद्धीकरणास ३८०० कोटी युआन लागतील, असा अंदाज चिनी सरकारच्या अधिकाऱ्यानेंच २०१२ सालीं सांगितला. मालाची किंमत बाजारांत चुकती झाली. गाळाची किंमत मात्र कोणत्याच पावतीवर नव्हती.

यावर एक साधा उपाय सुचविला जातो. वापरून झालेल्या वस्तूंतूनच हे धातू पुन्हा काढावे, म्हणजे नवी खाण नको आणि नवा गाळहि नको. उपाय खरा आहे. परंतु त्याचाहि इतिहास पाहिला पाहिजे. २०१० सालीं चीन-जपान तंट्यांत या मृदांचा पुरवठा अडला व पुढच्या वर्षीं भाव कडाडले. तेव्हां फ्रान्समध्यें ला रोशेल येथें जुन्या दिव्यांच्या नळ्यांतील भुकटीपासून मृदा परत मिळविण्याचें काम २०१२ सालीं सुरू झालें. पुढें भाव उतरले, नव्या तऱ्हेचे दिवे आले, आणि २०१६ सालीं तें काम बंद पडलें. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या अहवालानें यांतील बहुतेक धातूंचें पुनर्ग्रहण शेंकडा एकाहूनहि कमी ठरविलें होतें. २०२५ च्या एप्रिलांत चीननें कांहीं मृदांच्या व चुंबकांच्या निर्यातीस परवाना लावला, तेव्हां मोटारींचे कारखाने पुन्हा हवालदिल झाले. टंचाई आली म्हणजे उकिरड्याची आठवण होते, स्वस्ताई आली म्हणजे विसर पडतो.

आपल्या घरांत तरी निराळें काय घडतें? जुना मोबाईल कपाटाच्या खणांत पडून राहतो, नाहींतर भंगारवाल्याच्या पोत्यांत जातो. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांतून मजूर उघड्या हातांनीं तारा जाळून तांबें व आम्ल ओतून सोनें काढतात; धूर त्यांच्या छातींत आणि आम्ल गटारांत जातें. चिमुकलें चुंबक लोखंडाबरोबर भट्टींत जाऊन मळींत नाहींसें होतें. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे २०१२ सालापासून लागू आहेत; परंतु नियम खणापर्यंत पोंचत नाहीं, तेथें हात आपलाच पोंचला पाहिजे.

शेवटीं पुन्हा त्या त्रावणकोरच्या किनाऱ्याकडे येऊं. करुनागप्पळ्ळि भागांतील वाळूंत किरणोत्सर्ग स्वभावतःच अधिक आहे. तेथील रहिवाशांच्या दीर्घ पाहणीचा वृत्तांत २००९ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळें कर्करोग वाढल्याचें आढळलें नाहीं. म्हणजे भय आहे तें विशेषतः वाळू निवडून, हवें तें नेऊन, नको तें एका जागीं दाटीनें टाकण्याचें. त्याच किनाऱ्यावर समुद्र व कालवा यांच्या चिंचोळ्या पट्टींत आलप्पाड नांवाचा गांव आहे. तेथील लोकांनीं २०१८-१९ सालीं वाळू उपसण्याविरुद्ध आंदोलन केलें. किनारा झिजून गांव समुद्रांत चालला, ही त्यांची तक्रार. झिजेंत समुद्राचा वांटा किती आणि उपशाचा किती, याविषयीं वाद आहे. गांव अरुंद होत आहे, याविषयीं तेथें राहणारांस वाद वाटत नाहीं.

थोरियम अर्धा क्षीण होण्यास सुमारे १४०० कोटी वर्षें लागतात. माल कोणता आणि कचरा कोणता, हें आम्ही मात्र दर पिढीस नव्यानें ठरवितों, आणि ठरवितांना तो कचरा कोणाच्या दारीं पडणार, हें विचारीत नाहीं. पवनचक्की व विजेची मोटार हवीच. धुरानें कोंडलेल्या जगास त्यांची गरज आहे, हें आम्हांस मान्य आहे. तथापि त्यांच्या किंमतींत गाळ निर्धोक ठेवण्याचा व चुंबक परत घेण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरला गेला पाहिजे. नाहींतर वरात आमची, उजेड आमचा, आणि राख मात्र वेस्ट शिकागोच्या किंवा बुकित मेराच्या अंगणांत, हाच क्रम पुढें चालेल.