तारापूरची जुनी अणुभट्टी संगणकावर मांडताना

डहाणूहून किनाऱ्याने दक्षिणेला निघालं की चिंचणी आणि त्यापुढे तारापूर. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथं २८ ऑक्टोबर १९६९ला रीतसर सुरू झालं. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, पाणी उकळून वाफ करणाऱ्या दोन भट्ट्या. प्रत्येकी २१० मेगावॅटच्या, पुढे १६०वर आणलेल्या. डहाणू-तलासरीतल्या आपल्यापैकी बहुतेकांनी त्या आतून पाहिलेल्या नाहीत. मग आत काय चालतं, हे आपण संगणकावर तपासू शकतो का? बऱ्याच अंशी, हो.

आधी थोडा इतिहास. ४ ऑगस्ट १९५६ला तुर्भ्यात ‘अप्सरा’ सुरू झाली. तिच्यासाठी ब्रिटनमधून इंधन आणलं होतं, पण भट्टी आपल्याच अभियंत्यांनी बांधली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘टिफ्रॅक’ संगणक कामाला लागला तो १९६०मध्ये, म्हणजे ‘अप्सरा’नंतर चार वर्षांनी! आज तेच मूळ गणित साधा लॅपटॉप क्षणात सोडवतो.

गणिताचा गाभा असा. युरेनियमचा अणू फुटला की न्यूट्रॉन सुटतात, ते पुढचे अणू फोडतात. समजा, दर पिढीला न्यूट्रॉन हजारात एकानेच वाढले आणि सेकंदात वीस हजार पिढ्या झाल्या. संगणकाला विचारा: सेकंदाभरात शक्ती जवळजवळ ४८ कोटी पट! मग माणूस ही भट्टी आवरणार कशी?

उत्तर थोड्याशा आळशी न्यूट्रॉनांत आहे. हजारातले साधारण साडेसहा न्यूट्रॉन लगेच सुटत नाहीत, काही सेकंद, कधी मिनिटभर मागे राहतात. ते गणितात घाला, आणि शक्ती दुप्पट व्हायला साधारण अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यात नियंत्रक कांड्या आत सारता येतात. सगळा अणुवीज उद्योग या उशिरावर उभा आहे.

आता पडद्यावर कांड्या पूर्ण आत घाला. साखळी थांबते, उष्णता थांबत नाही. फुटलेल्या अणूंचे तुकडे तापतच राहतात: सुरुवातीला पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के, तासाभराने दीडच्या आसपास, दिवसानंतरही अर्धा टक्का. थंड पाणी फिरतं ठेवावंच लागतं. ११ मार्च २०११ला फुकुशिमात भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. त्सुनामीने वीज गेली, पंप थांबले, आणि याच उरलेल्या उष्णतेने इंधन वितळलं. तिथली पहिली भट्टीही जनरल इलेक्ट्रिकचीच, पाणी उकळणारी, तारापूरनंतर दोनच वर्षांनी सुरू झालेली.

तिथं न्यूट्रॉनांचं गणित चुकलं नव्हतं. लाटेची धरलेली उंची चुकली होती: धरले सुमारे पावणेसहा मीटर, आली चौदाच्या आसपास. संगणक आपण दिलेल्या आकड्यांपलीकडचं काही सांगत नाही. समुद्र किती चढेल, गाव रिकामं करायचं तर पावसाळ्यात कुठला रस्ता चालू असेल, होडी घेऊन बाहेर गेलेल्यांना निरोप कोण देईल, हे आकडे किनाऱ्यावरच्या माणसांकडूनच यायला हवेत.

म्हणून शाळा-कॉलेजातल्या मुलांनी हे गणित जरूर मांडावं. भीती आणि आंधळा विश्वास, दोन्ही त्याने कमी होतात. आणि प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांसमोर बसल्यावर एक नेमका प्रश्न तयार ठेवता येतो: वीज गेली तर पंप किती तास चालतील?