माँ ब्लांकला पाच मैल

लातूरच्या क्लासेसमधल्या पोरांना होमी भाभांविषयी दोन गोष्टी हमखास ठाऊक असतात. ते भारताच्या अणुकार्यक्रमाचे जनक होते आणि सीआयएने त्यांचं विमान पाडलं. पहिली गोष्ट पुस्तकातून येते, दुसरी मोबाइलवरून. नांदेडात माझ्या ओळखीची शिकलीसवरलेली माणसंसुद्धा दुसरी गोष्ट पहिलीइतक्याच ठामपणे सांगतात. त्या विमानाचं काय झालं याची चौकशी झालेली आहे. पण तिच्यात खलनायक नाही, म्हणून ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

२४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ मुंबईहून निघून दिल्ली, बैरुत करत जिनिव्हाकडे चाललं होतं. विमानात ११७ माणसं होती. भाभांना व्हिएन्नाला अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला जायचं होतं. बैरुत सोडतानाच वैमानिकाला माहीत होतं, की विमानातल्या दोन व्हीओआरपैकी एक बंद आहे. जमिनीवरच्या रेडिओ केंद्राचे संकेत पकडून आपण त्या केंद्राच्या कोणत्या दिशेला आहोत, हे सांगणारं हे यंत्र. दोन केंद्रांकडून आलेल्या रेषा जिथे छेदतात, तिथे आपण. दोन्ही यंत्रं चालू असली तर हे एकाच वेळी कळतं. एकच असलं, तर एक केंद्र सोडून दुसरं लावायचं आणि मधल्या वेळेचा हिशेब डोक्यात करायचा. त्या दिवसांत जीपीएस नव्हतं.

हा हिशेब चुकला. विमान १९,००० फुटांवर होतं. माँ ब्लांक शिखर बाजूने मागे जात असल्याचं वैमानिकाने जिनिव्हाला कळवलं. नियंत्रकाच्या रडारवर मात्र विमान अजून शिखराच्या अलीकडे होतं. त्याने ती चूक ओळखली आणि सांगितलं, माँ ब्लांकला पाच मैल आहेत. वैमानिकाने ‘रॉजर’ म्हणून विमान खाली आणायला सुरुवात केली.

फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष इथेच येऊन थांबतो. नियंत्रकाला वाटलं, आपण चूक सुधारली. वैमानिकाला वाटलं, डोंगर ओलांडला. वाक्य पुरेसं नेमकं नव्हतं. ‘तुम्ही अजून अलीकडे आहात, उतरू नका’ एवढे शब्द हवे होते. विमान शिखराजवळच्या कड्यावर आदळलं, कुणीही वाचलं नाही. (याच डोंगरावर १९५० साली एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ कोसळलं होतं. त्यात ४८ जण गेले.)

संशय का पिकला, हे समजू शकतं. तेरा दिवस आधी ताश्कंदला लालबहादूर शास्त्री गेले होते. काही महिन्यांपूर्वी भाभांनी आकाशवाणीवर अणुबॉम्ब अठरा महिन्यांत बनवता येईल असं म्हटलं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी एका अमेरिकी लेखकाने एका निवृत्त सीआयए अधिकाऱ्याशी फोनवर झालेलं म्हणून एक संभाषण छापलं. छापून आलं तेव्हा तो अधिकारी हयात नव्हता. पुरावा म्हणून मिरवतात तो एवढाच. मला तो पुरेसा वाटत नाही.

संशयाची ही सवय जुनी आहे. १ जानेवारी १९७८च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं ‘एम्परर अशोक’ हे जंबो वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, २१३ माणसं गेली, तेव्हाही सुरुवातीला घातपाताची चर्चा झाली. तिथेही कारण एक यंत्रच होतं. विमान किती कललंय हे दाखवणारा कॅप्टनसमोरचा दर्शक उजवीकडे कललेला दाखवत अडकला होता. बाहेर काळोख, खाली समुद्र, क्षितिजाचा पत्ता नाही. कॅप्टनने विमान डावीकडे वळवलं, आणखी वळवलं. राखीव दर्शक शाबूत होता. त्या खराब यंत्रावर विसंबू नका, असं फ्लाइट इंजिनिअर ओरडून सांगत होता. उड्डाणापासून समुद्रापर्यंत सगळं मिळून १०१ सेकंद. मृतांच्या वारसांनी बोइंग आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेत दावे लावले. १९८५ मध्ये तिथल्या न्यायालयाने कंपन्यांचा निष्काळजीपणा मान्य केला नाही. घरच्यांच्या पदरी काय पडलं, हे मी वेगळं सांगायला नको.

आमच्या नांदेड-लातूरची किती पोरं त्याच दिशेने आखातात जातात! विमान कोसळलं की ‘कुणी पाडलं’ हा सवाल आमच्या चहाच्या हॉटेलात आधी निघतो, आणि त्याचं बोट कुठल्या वस्तीकडे वळतं, हे मी आयुष्यभर पाहत आलो आहे. म्हणूनच यंत्र आणि वाक्य यांचा असा कंटाळवाणा तपशील मला महत्त्वाचा वाटतो.

आज त्या वाटेवर बिघाडाचं रूप बदललं आहे. पश्चिम आशियाच्या आकाशात विमानांचं जीपीएस जाम होतं, खोटे संकेत येतात आणि संगणक विमान भलतीकडेच दाखवतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये डीजीसीएने याबद्दल विमान कंपन्यांना सूचना काढली. अशा वेळी वैमानिक जीपीएसवर विसंबणं सोडतो, नियंत्रकाला तसं स्पष्ट कळवतो आणि विमानातल्या दुसऱ्या यंत्रांवर आपली जागा ताडून पाहतो. त्या दुसऱ्या यंत्रांत जुनं व्हीओआर अजूनही आहे.