पाहुण्याचं बिल कोण ठरवतं?

परदेशातल्या विमानतळावर उतरून एअरप्लेन मोड काढला, की नेटवर्कचं नाव यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात तुमचं सिमकार्ड तिथल्या टॉवरला आपला पंधरा आकडी क्रमांक सांगत असतं. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे 404 किंवा 405. (हो, इंटरनेटवर 'पान सापडलं नाही' म्हणणारा तोच 404. निव्वळ योगायोग.) तिथली कंपनी भारतातल्या कंपनीला विचारते, हा तुमचाच ना? होकार आला की तुमची नोंद एका तात्पुरत्या यादीत होते. इंजिनिअर तिला व्हिजिटर लोकेशन रजिस्टर म्हणतात. पाहुण्यांची वही!

या पाहुण्याचं बिल कोण ठरवतं, याचा इतिहास मोठा मजेशीर आहे. आणि आपल्या खिशाशी थेट संबंध असलेला.

पाहुण्याची कल्पना उत्तर युरोपातली. 1981 मध्ये तिथे एनएमटी नावाचं मोबाइल नेटवर्क सुरू झालं, तेव्हाच स्वीडनचा फोन नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंडमध्येही चालावा असं ठरलेलं होतं. 7 सप्टेंबर 1987 रोजी कोपनहेगनमध्ये 13 देशांतल्या कंपन्यांनी जीएसएम या सामाईक तंत्रासाठी करार केला. 1 जुलै 1991 ला फिनलंडचे माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी या तंत्रावरचा पहिला व्यावसायिक कॉल केला. पुढच्याच वर्षी फिनलंडची टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात जीएसएमचा पहिला रोमिंग करार झाला.

तांत्रिक प्रश्न असा पटकन सुटला. पैशाचा सुटायला पंचवीस वर्षं लागली.

त्याचं कारण व्यवहाराच्या रचनेतच होतं. परदेशात तुम्ही केलेल्या कॉलचे पैसे तिथली कंपनी तुमच्याकडून घेत नाही. ती नोंदींची फाइल तुमच्या कंपनीला पाठवते, घाऊक दराने पैसे मागते. तुमची कंपनी त्यावर आपला नफा चढवून तुम्हाला बिल देते. घाऊक दर दोन कंपन्या आपसात ठरवणार, आणि पैसे भरणारा त्या खोलीत नसणार.

बरं, यजमान कंपनीने दर कमी केला असता तर तिला जास्त पाहुणे मिळाले असते का? नाही. सुरुवातीची बरीच वर्षं फोन ज्या टॉवरचा सिग्नल चांगला मिळेल तो पकडायचा. दर निम्मा केला तरी पाहुणे तेवढेच आणि कमाई निम्मी. असला धंदा कोण करेल? पाहुणे ठरावीक नेटवर्ककडे वळवण्याची सोय नंतर आली.

त्यात येणाऱ्या कॉलचाही भुर्दंड होता. पुण्याहून आईने फोन केला, तर ती भारतातल्या नंबरलाच फोन करत असते. तिला तुम्ही लंडनला आहात हे ठाऊक असायची गरज नाही. भारत ते लंडन या टप्प्याचे पैसे मग तुमच्या माथी. दोन भारतीय मित्र लंडनमध्ये एकाच रस्त्यावर उभे राहून आपापल्या भारतीय नंबरांवरून बोलत असले, तरी तो कॉल भारतात जाऊन परत लंडनला यायचा. या वळशाला ट्रॉम्बोनिंग म्हणतात, त्या वाद्याच्या लांबून वळून येणाऱ्या नळीवरून.

युरोपियन आयोगाने स्पर्धेने दर उतरतील म्हणून वाट पाहिली. ते उतरले नाहीत. मग दूरसंचार खात्याच्या आयुक्त व्हिव्हियन रेडिंग यांनी सरळ कमाल दरांचा कायदा आणला. 2007 च्या उन्हाळ्यापासून युरोपीय संघात रोमिंगमध्ये केलेल्या कॉलला मिनिटाला 49 सेंट, आलेल्याला 24 सेंट, यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत (कर वेगळा). त्याआधी सरासरी दर 1.15 युरो होता, मूळ घाऊक खर्चाच्या पाचपटीहून जास्त. मोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या. 8 जून 2010 ला युरोपीय न्यायालयाने कायदा वैध ठरवला. त्यानंतर दर टप्प्याटप्प्याने खाली आले आणि 15 जून 2017 पासून घरचाच दर परदेशातही लागू झाला.

हे तंत्रज्ञान स्वस्त झाल्यामुळे घडलं, असं वाटत असेल तर ब्रिटनकडे पाहा. तो देश युरोपीय संघातून बाहेर पडला आणि 2022 मध्ये तिथल्या काही मोठ्या कंपन्यांनी युरोपात रोमिंगचे पैसे पुन्हा लावायला सुरुवात केली. टॉवर तेच, केबल त्याच. दोन्हीकडच्या कंपन्यांना एकत्र आदेश देऊ शकणारी सत्ता तेवढी गेली.

आपली अडचण नेमकी हीच आहे. एके काळी मुंबईहून पुण्याला जाताना वाटेत फोन रोमिंगमध्ये जायचा, कारण मुंबई हे वेगळं सर्कल होतं. (गोवा मात्र महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये!) ते दर ट्रायला कमी करता आले, कारण दोन्हीकडच्या कंपन्या तिच्या अखत्यारीत होत्या, उरलेलं काम जिओनंतरच्या स्पर्धेने केलं. दुबईतल्या कंपनीला ट्राय काय सांगणार? 2020 मध्ये तिने शिफारस केली की आंतरराष्ट्रीय रोमिंग मुळात बंद असावं, ग्राहकाने मागितल्यावरच चालू करावं. म्हणजे पाहुण्याला सावध करता येतं, त्याचं बिल ठरवता येत नाही.

ज्यांच्यासाठी कोणी बोललं नाही त्यांनी मागच्या दारानं वाट काढली. मिस्ड कॉल हे त्यातलं आद्य दार: एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. आखातात राबणाऱ्या माणसांनी कॉलिंग कार्डं खरवडली. मग व्हॉट्सॲप आलं. पण अमिरातींमध्ये त्याचे कॉल अडवलेले आहेत. मजकूर आणि रेकॉर्ड केलेला आवाज जातो. 2013 मध्ये व्हॉइस मेसेजची सोय झाल्यावर रत्नागिरीतल्या घरांत पूर्वीच्या पत्रांसारखंच सुरू झालं. तिकडून एक लांबलचक निरोप, मग इकडून एकेकाचं उत्तर.

आज सगळे ई-सिमचं नाव घेतात. ते स्वस्त पडतं हे खरं, पण रोमिंग संपलं हे खरं नाही. थायलंडसाठी घेतलेलं प्रवासी ई-सिम बऱ्याचदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि तुमचं इंटरनेट हाँगकाँग किंवा सिंगापूरमार्गे फिरतं. तुम्ही पाहुणेच असता, फक्त भारताचे नाही. त्या तिसऱ्या कंपनीने घाऊक दर घासाघीस करून मिळवलेला असतो, त्याचा थोडा वाटा तुम्हाला.

त्या ई-सिमला बहुधा नंबर नसतो, नुसता डेटा. आणि बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवरच येणार. म्हणून जुनं सिम काढून ठेवता येत नाही. दुसऱ्या खाचेत ते राहतं, डेटा रोमिंग बंद करून, ओटीपीच्या एका एसएमएसची वाट पाहत.